झाकण डब्यावरून उतरणारं हवं

'सप्रेम नमस्कार. आमचं जुनं घर फोंडा तालुक्यात आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी सासऱ्यांनी राजांगणावर, म्हणजे घराच्या मधल्या चौकावर, स्लॅब घातला आणि खाली उजेड यावा म्हणून मधोमध चार फूट बाय सहा फुटांची जागा मोकळी ठेवून तिच्यावर तारेची जाळी असलेली काच बसवून घेतली. काच स्लॅबच्या जवळजवळ पातळीतच आहे. गेली सात-आठ वर्षं जोराचा पाऊस झाला की ती गळते. दर मे महिन्यात कुणीतरी येऊन डांबर नाहीतर सिलिकॉन फासून जातो, जुलैत पुन्हा बादल्या. यंदा तर चवथीच्या दुसऱ्या दिवशी थेट माटोळीवर, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीवर, धार लागली. आता बदलायचंच असं ठरवलं आहे. गावातला वेल्डिंगवाला लोखंडी चौकटीवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा ठोकून देतो म्हणतो. पणजीत एका दुकानात मोटरवर उघडणारी परदेशी काचेची खिडकी दाखवली. ॲल्युमिनियमवाला म्हणतो, आहे त्याच मापाची नवी काच आणतो, बाकी काही करायला नको. पुण्याहून मुलगा सांगतो, ते भोकच स्लॅब घालून बुजवा. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, रोज सकाळी त्याच उजेडात बसून पोथी वाचतात. बुजवण्याचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. यातलं नेमकं काय घ्यावं?'

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'काच स्लॅबच्या जवळजवळ पातळीतच आहे.' तुमच्या सात-आठ वर्षांच्या त्रासाचं मूळ मला तिथेच दिसतं. म्हणून कुठली काच घ्यायची याआधी काच कशावर बसणार आहे ते सांगते. हे आधी ठरलं नाही तर पणजीची महागडी खिडकीसुद्धा दोन पावसांत गळायला लागेल.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुमच्या २४ चौरस फुटांच्या काचेवरच एका पावसाळ्यात सहा हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. शिवाय गच्चीच्या उतारावरून काचेकडे वाहत येणारं पाणी वेगळं. सपाट स्लॅबवर पाण्याला घाई नसते. पन्हळ पानांनी तुंबली की ते इंच-दोन इंच साचून राहतं, आणि साचलेलं पाणी काचेच्या कडेशी तासन्‌तास उभं असतं. डांबर असो वा सिलिकॉन, त्याला दिवसरात्र पाण्याखाली ठेवून वर दुपारच्या उन्हात ताणलं, तर ते सुटणारच. मे महिन्यात येणारे ते लोक सगळे लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी भेग बुजवली. पाण्याला भेगेपर्यंत पोचूच द्यायचं नाही, हे मात्र कुणी केलं नाही.

स्वयंपाकघरातला पिठाचा डबा आठवा. ज्या डब्याचं झाकण कडेच्या आत बसतं, त्यावर पाणी सांडलं की ते फटीतून आत झिरपतं. ज्याचं झाकण डब्याच्या कडेवरून बाहेरच्या बाजूने खाली उतरतं, त्यावर पाणी सांडलं तर ते बाहेरून ओघळून ओट्यावर जातं, पीठ कोरडं राहतं. तुमच्या घरावरचं झाकण आज आत बसणारं आहे, तेही डब्याला कडच नसताना. आपल्याला आधी डब्याला कड काढायची आहे, म्हणजे त्या मोकळ्या जागेभोवती काँक्रीटचा कठडा, आणि मग वरून बाहेरच्या अंगाने उतरणारं झाकण. मराठवाड्यातल्या माळवदांवर उजेड-धुरासाठी सानं, म्हणजे छपरातलं भोक, असतं, आणि पाऊस आला की घरातलं कुणीतरी धावत जाऊन ते झाकतं. तिथल्या पावसात ते चालून जातं. आपल्या पावसात झाकण चोवीस तास, चार महिने, आपलं आपण टिकलं पाहिजे.

हे ध्यानात आलं की तिसरा प्रस्ताव, म्हणजे आहे त्याच मापाची नवी काच, आपोआप बाद होतो. सगळ्यांत स्वस्त तोच असेल, तरी घेऊ नका. जुन्या काचेतली जाळीची तार कापलेल्या कडेला उघडी असते. तिथे पाणी लागून ती गंजते, गंज फुगतो आणि काच कडेपासून तडकत जाते. तुमच्या काचेला कोपऱ्याकडून आत जाणाऱ्या रेषा दिसत असतील, तर त्या यामुळे. पण नवी काच त्याच खड्ड्यात बसली तर तीही पाण्यातच राहणार.

मुलाच्या सूचनेबद्दल. त्याला तुमची काळजी आहे, म्हणून तो तसं म्हणतो, आणि त्याची सूचना मी हसण्यावारी नेणार नाही. पण जुन्या स्लॅबमध्ये नव्या काँक्रीटचं ठिगळ लावलं की चारही बाजूंनी जुन्या-नव्याचा सांधा तयार होतो, आणि तो सांधा नीट केला नाही तर तिथूनही पाणी उतरतं. म्हणजे गळती थांबेल याची हमी नाही ती नाहीच, वर माजघरात भर दुपारी दिवे लावावे लागणार. चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेल्या राजांगणाला दुसरीकडून उजेड यायला वावच नसतो. पूर्वीच्या माणसांनी ते उघडं ठेवलं होतं ते उगाच नाही. सासूबाईंचं ऐका. उजेड ठेवायचा.

आता काम कसं करायचं ते.

पाऊस पूर्ण सरायच्या आत एक तपासणी घरीच करून घ्या. गच्ची दोन-तीन दिवस कोरडी राहिली की एकाला पाण्याचा पाइप देऊन वर पाठवा, दुसऱ्याने खाली बॅटरी घेऊन उभं राहायचं. आधी काचेपासून दोन-तीन फूट लांब, उताराच्या वरच्या बाजूला, अर्धा तास पाणी सोडा. काचेला थेंब लागू देऊ नका. मग काच आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे अर्धा तास. शेवटी काचेवर. खाली पाणी कोणत्या टप्प्यावर आलं ते लिहून ठेवा. पहिल्याच टप्प्यात आलं तर दोष एकट्या काचेचा नाही, वरच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवर उतारासाठी घातलेल्या थरात, पाणी मुरलेलं आहे आणि ते वाट मिळेल तिथून, म्हणजे मोकळ्या जागेच्या कडेतून, खाली टपकतं. अशा वेळी नुसता कठडा करून भागत नाही, भोवतालचा निदान तीन फुटांचा पट्टा उकरून पुन्हा वॉटरप्रूफिंग करावं लागतं. ही एका सकाळची मेहनत तुम्हाला पुढचा मोठा खर्च वाचवेल, आणि ठेकेदाराशी बोलताना तुमच्या हातात तुमचा स्वतःचा पुरावा असेल.

त्याच वेळी शिडी लावून स्लॅबच्या कडा खालून बघा. गिलावा फुगलाय का, तांबूस डाग आहेत का, हातोडीने हलकेच ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? पस्तीस वर्षांच्या स्लॅबच्या ज्या कडेवर आठ वर्षं पाणी उतरलं, तिथली सळी गंजलेली असण्याची शक्यता मोठी आहे. सळी उघडी दिसली किंवा काँक्रीटचे पापुद्रे सुटत असले तर बाकी सगळं थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मी जो कठडा सांगणार आहे त्याचं वजनच चारशे किलोच्या आसपास जातं. थकलेल्या कडेवर ते टाकायचं नाही. स्लॅब कमजोर निघाला तर काँक्रीटऐवजी जाड स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा वाकवून केलेला हलका कठडा करता येतो. पण हा निर्णय इंजिनिअरचा, गवंड्याचा किंवा माझा पत्रावरून नव्हे.

कडा सुस्थितीत असल्या तर कठडा काँक्रीटचाच करा. गवंडी म्हणेल, 'चिरे आहेत पडलेले, दोन थर लावून देतो.' नको म्हणा. चिरा भिंतीला उत्तम, पण तो पाणी पितो, आणि पाण्यात पाय बुडवून उभ्या राहणाऱ्या कठड्याला पाणी पिणारा दगड चालत नाही. जुन्या स्लॅबला टाचे मारून, भोकं पाडून, केमिकलने सळ्या रोवून, चार इंच जाडीचा कठडा ओतायचा. बाहेरच्या देशांत सपाट छतावर सहा इंचांचा कठडा पुरतो असं धरतात. आपल्या पावसाला मी तयार गच्चीच्या वर नऊ इंच मागते, आणि तेही सगळ्यांत खालच्या बाजूला. कारण कठडा सगळीकडे सारखा उंच करायचा नाही. चार फुटांच्या रुंदीत फुटाला एक इंच उतार ठेवायचा, म्हणजे एक बाजू नऊ इंच आणि समोरची तेरा इंच. गच्चीचं पाणी ज्या दिशेला वाहतं, काचेचा उतारही त्याच दिशेला. सपाट ठेवलेल्या काचेवर पाणी थांबतं, ते वाळलं की धूळ उरते, धुळीवर शेवाळ धरतं, आणि दोन वर्षांत सासूबाईंचा उजेड हिरवा होतो. फुटाला एक इंच उतार असला की जुलैचा पाऊसच काच धुऊन काढतो.

कठड्याच्या वरच्या अंगाला, जिथे गच्चीवरून वाहत येणारं पाणी येऊन आदळतं, तिथे ते अडून राहतं. सहा फुटांची भिंत आडवी आली की पाणी जाणार कुठे? म्हणून त्या बाजूला कोब्यात मधोमध थोडा उंचवटा करून दोन्हीकडे उतार द्यायचा, म्हणजे पाणी दुभंगून कडेने निघून जाईल. सांगितल्याशिवाय हे कुणी करत नाही, आणि गळतीची तक्रार घेऊन मला बोलावतात तेव्हा दहातल्या बऱ्याच घरांत ओल नेमकी याच बाजूला सापडते.

मग वॉटरप्रूफिंग. गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गवंड्याकडून वाटा मारून, म्हणजे सिमेंटची गोलाई देऊन घ्या, काटकोन ठेवू नका, काटकोनात कुठलाही थर तडकतो. थर गच्चीवरून कठड्याच्या बाहेरच्या अंगावर चढवून, माथ्यावरून आतल्या कडेपर्यंत न्यायचा. माथा उघडा ठेवला तर झाकणाखालून वाऱ्याने उडालेलं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं. हे काम ओल्या कोब्यावर करू नका. ऑक्टोबरात आपल्याकडे गडगडाटासह पाऊस येतोच, कोबा आतून वाळायला नोव्हेंबरचा बराचसा महिना लागतो. घाई करून ओल्यावर थर मारला की ऊन पडल्यावर आतली वाफ फोड आणते.

आता तुमचा मूळ प्रश्न, झाकण कशाचं.

पॉलिकार्बोनेटबद्दल लोकांच्या मनात दोन टोकं असतात, एकतर 'प्लास्टिक ते प्लास्टिक', नाहीतर 'काही होत नाही, टाका'. खरं मध्ये कुठेतरी आहे. हा पदार्थ आपटला तरी फुटत नाही. तुमच्या गच्चीवर माड ओणवलेला असेल, पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, नियमित मिळत नसेल आणि नारळ आपोआप पडत असतील, तर मी काचेच्या आधी याचाच विचार करेन. मात्र पोकळ पेट्यांचा पत्रा नको. त्याची टोकं कितीही बंद केली तरी आपल्या दमट हवेत पोकळीत शेवाळ धरतं, आणि ते काढता येत नाही. घ्यायचाच तर भरीव, सहा मिलिमीटरचा, ज्या बाजूला उन्हापासून संरक्षणाचा थर असतो ती बाजू वर ठेवून. पत्र्यावरच्या फिल्मवर कोणती बाजू वर ते छापलेलं असतं. फिल्म आधीच काढून उलटा बसवलेला पत्रा थोड्या वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. शिवाय उष्णतेने हा पत्रा काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतो. सहा फुटांच्या लांबीत सकाळ आणि दुपार यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. तुमचा वेल्डिंगवाला 'ठोकून देतो' म्हणाला, त्या शब्दाने मला काळजी वाटली. ठोकलेला पत्रा हलू शकत नाही, मग स्क्रूच्या भोकापासून तडकतो. भोक स्क्रूपेक्षा मोठं आणि खाली रबराचा वायसर, एवढं तरी हवंच. आणि लोखंडी चौकट नको, रंगवली तरी नको.

पण तुमच्या घरासाठी मी पॉलिकार्बोनेट सुचवत नाही, त्याचं कारण सासूबाई. त्याच्यावर पाऊस पडतो तेव्हा ताशासारखा आवाज होतो. आपल्याकडे तो चार महिने होणार, आणि राजांगण म्हणजे घराचा मधला भाग, आवाज सगळ्या खोल्यांत घुमणार. वर फांदी किंवा माड नसेल, तर जड काच घ्या.

काच लॅमिनेटेडच हवी, याबाबत तडजोड करू नका. दोन काचांमध्ये पारदर्शक चिकट थर असतो, त्यामुळे काच फुटली तरी तुकडे त्या थराला धरून राहतात, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पडत नाहीत. नुसती टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच डोक्यावर बसवणं मला मान्य नाही. ती मजबूत असते, पण क्वचित आतल्या सूक्ष्म अशुद्धीमुळे कुणी हात न लावता फुटते, आणि फुटली की सगळीच्या सगळी खाली येते. म्हणून दोन टफन काचा आणि मध्ये थर: सहा मिलिमीटर, दीड मिलिमीटरचा थर, पुन्हा सहा मिलिमीटर. काचेवर आयएसआय खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक आहे का ते बघा. २४ चौरस फुटांचं वजन ६५ ते ७० किलो भरेल. चार माणसं आणि जिन्याने वर न्यायची वाट, दोन्ही आधी ठरवा. जिना वळणाचा असेल तर काच दोन तुकड्यांत करून मधला सांधा उताराच्या दिशेने ठेवावा, आडवा कधीच नाही.

दुहेरी, मध्ये हवा बंद केलेली काच तुम्हाला आग्रहाने सांगितली जाईल. खाली एसी असेल तर ती जरूर घ्या. तुमच्याकडे नाही. अशा काचेची कड एकदा सुटली की आत बाष्प शिरून ती कायमची धुरकट होते, आणि मग अख्खी काच बदलावी लागते. साध्या लॅमिनेटेडमध्ये ती कटकट नाही. तिच्यावर डिसेंबरच्या पहाटे आतून थोडं दंव धरेल. ते बघून गळती परतली असं समजू नका. चौकटीच्या आतल्या कडेला बारीक पन्हळ ठेवून घेतली की ते थेंब तिथेच वाळतात.

उन्हाचा विचार मात्र नीट करा, कारण आडव्या काचेचा खरा शत्रू पावसाइतकाच मे महिना आहे. गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढग असतात. मेच्या दुपारी तुमच्या साध्या काचेतून दीड हजार वॅटहून जास्त उष्णता खाली उतरते, म्हणजे एक मोठी आणि एक छोटी इस्त्री मिळून राजांगणात सतत चालू ठेवल्यासारखं. दुकानात काचेचा एसएचजीसी विचारा. हा उन्हातली किती उष्णता आत येते याचा आकडा असतो. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास, तुम्हाला ०.३५ किंवा त्याहून कमी हवा. आकडा सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठा. 'काळी काच घ्या, ऊन लागणार नाही' असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका. गडद काच ऊन स्वतः पिते, तापते आणि मग तीच धग खाली सोडत राहते. उजेड जातो, गरमी राहते.

आणि एक माझी स्वतःची आवड सांगते, तुम्ही ठरवा. मधला थर दुधी घ्या. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असायची. त्यांतून येणारा उजेड आठवतो का? ऊन कितीही कडक असो, आत मऊ, सगळीकडे सारखं पसरलेलं. पारदर्शक काचेतून उन्हाचा चौकोन पडतो आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर सरकत राहतो. म्हाताऱ्या माणसाला त्या चौकोनात बसलं तर पोथीचं पान डोळ्यांवर चमकतं, बाहेर बसलं तर अक्षर दिसत नाही. दुधी काचेखाली खुर्ची कुठेही ठेवा. तुमचं राजांगण मोठं असलं तरी २४ चौरस फुटांचं तोंड उजेडाला भरपूर आहे, दुधी थराने थोडा कमी झाला तरी उणीव भासणार नाही. आकाश दिसणार नाही, एवढं मात्र खरं. ते सासूबाईंना विचारूनच ठरवा.

पणजीतल्या मोटरवाल्या खिडकीबद्दल. वस्तू वाईट नाही, आणि राजांगणाची तापलेली हवा वरून बाहेर जाणं ही मोठी सोय आहे. पण पावसात आपल्याकडे वीज जाते आणि नेमकी तेव्हाच ती बंद व्हायला हवी. दहा वर्षांनी मोटर बिघडली तर भाग कुठून येणार, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. घ्यायचीच असली तर हाताने बंद करायची सोय असलेली घ्या, आणि बिजागरीची बाजू नैर्ऋत्येला ठेवा, कारण आपला मुसळधार पाऊस वाऱ्याबरोबर तिकडूनच मारतो. माझं मत विचाराल तर न उघडणारी काच घ्या आणि हवेसाठी भिंतीतली वरची व्हेंटिलेटरं उघडी करून त्यांना जाळ्या लावा. सांधे जितके कमी तितकी रात्रीची झोप चांगली.

चौकट पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमची, कठड्यावरून बाहेर निदान दोन इंच खाली उतरणारी, आणि तिची खालची कड बाहेर वळवलेली, म्हणजे पाणी कठड्याला चिकटून मागे न येता तिथूनच ठिबकेल. स्क्रू माथ्यावर एकही नको, सगळे बाजूने. फोंड्याला ३०४ दर्जाचं स्टेनलेस चालेल. हेच घर कळंगुटला किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर असतं तर मी ३१६ मागितलं असतं. चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर पडायला बारीक भोकं ठेवलेली असतात. काम संपवताना कारागीर ती 'फट राहिली' असं समजून सिलिकॉनने बंद करतात आणि आत शिरलेलं पाणी मग खोलीत येतं. शेवटच्या दिवशी स्वतः गच्चीवर जाऊन ती भोकं मोजा.

सिलिकॉनचा वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते न्यूट्रल नाही. ते सिमेंटला नीट धरत नाही, धातू गंजवतं आणि लॅमिनेटेड काचेच्या मधल्या थरालाही कडेने खातं. आमच्या डिचोलीच्या घरी न्हाणीवरच्या छोट्या झरोक्याला एका दुकानदाराने तेच देऊन 'एकच आहे हो सगळं' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या पावसात ती पट्टी हाताने ओढली तर सालीसारखी सलग निघून आली, आणि खालची चौकट खवले पडून गेलेली. आईला त्या न्हाणीत पाय घसरून लागलं होतं. तेव्हापासून नळीवर 'न्यूट्रल' लिहिलेलं मी स्वतः वाचल्याशिवाय कुणाला लावू देत नाही.

खालून, कठड्याच्या आतल्या अंगाला, स्टेनलेसचं ग्रिल बसवून घ्या. चोरापेक्षा माणसासाठी. टाकी साफ करायला, पानं काढायला वर गेलेला मुलगा मागे सरकता सरकता काचेवर पाय देतो. काच बदलायचा खर्च परवडेल, दुसरं काही परवडणार नाही. जुनी काच काढतानाही तेवढीच काळजी घ्या: दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, खाली प्लायवूड टेकवून, आणि त्या दिवशी सासूबाईंची खुर्ची दुसऱ्या खोलीत.

माप घेण्याबद्दल एक गोष्ट अगदी ठामपणे. काचेची ऑर्डर कठडा तयार होऊन वाळल्यावरच द्या. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, अर्धा इंच चुकला तर ती वाया. लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर कठडा तिरका आहे, तो आधी गवंड्याकडून दुरुस्त करून घ्या. झाकणाचं आतलं माप कठड्याच्या बाहेरच्या मापापेक्षा दर बाजूला पाच-सहा मिलिमीटर मोठं हवं. आणि माप काचवाल्याने स्वतः येऊन घेऊन सही करावी, तुम्ही फोनवर सांगू नका. फोनवर सांगितलेल्या मापाची चूक नेहमी गिऱ्हाइकाच्या माथी येते.

दरपत्रकं मागवताना काचेची रचना, एसएचजीसी, स्क्रूचा दर्जा, सिलिकॉनचा प्रकार आणि गळणार नाही याची लेखी हमी या गोष्टी कागदावर लिहून मागा. ज्याच्या कागदावर नुसतं 'स्कायलाइट १ नग' असेल त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याच्याशी तुलनाच करता येत नाही.

वेळेचा हिशेब असा बसतो. ऑक्टोबरात तपासणी आणि इंजिनिअर, नोव्हेंबर-डिसेंबरात कठडा आणि वॉटरप्रूफिंग, जानेवारीत माप, काच यायला काही आठवडे, मार्चपर्यंत झाकण बसलेलं. बसल्यावर पन्हळ बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी एक दिवस एक रात्र साचवून ठेवा, आणि मग काचेवर तासभर पाइप मारा. शेवटचा हप्ता त्यानंतर. एप्रिल-मेपर्यंत ढकललंत तर गोव्यातला प्रत्येक कारागीर तेव्हा दहा घरांची छपरं घेऊन बसलेला असतो.

तोवरच्या पावसासाठी ताडपत्री काचेवर नुसती पसरू नका, तिच्यात पाणी साचून ओझं होईल. मधोमध एक आडवी फळी उंचावर टेकवून तिच्यावरून ताडपत्री दोन्हीकडे उतरती टाका आणि टोकं चिऱ्यांनी दाबा. पाइप सोडून केलेल्या तपासणीत पाणी कोणत्या टप्प्यावर उतरलं, आणि स्लॅबच्या कडेचे चारही बाजूंचे फोटो, एवढं मला पाठवा. कोबा उकरायचा की नाही ते त्यावरून सांगते.